आगीतून वाचलो, पण मन अजून त्याच रात्रीत अडकले आहे

मागावरचा (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा कारागीर होतो. आठ महिन्यांपूर्वी रात्रपाळीत सुताच्या गोदामाला आग लागली. मी मागच्या खिडकीची जाळी तोडून बाहेर पडलो. शेजारच्या मागांवरचे दोघे बाहेर पडू शकले नाहीत. हाताच्या जखमा भरल्या, दुसरीकडे कामही मिळाले. परंतु धुराचा वास आला की पाय जागीच थिजतात, आणि पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येते ती पुन्हा झोप न लागण्यासाठीच. गड्ड्याच्या यात्रेत त्या दोघांपैकी एकाच्या आईने मला हाक मारली, तेव्हा मी गर्दीत शिरून निघून गेलो. त्याची लाज अजून जात नाही.

घरचे म्हणतात, झाले गेले विसरून जा. मला विसरायचे नाही, पुन्हा खंबीरपणे उभे राहायचे आहे. ज्यांनी असे काही सोसले आहे, त्यांनी हे नेमके कसे केले?

विडी घरकुलवासी

दादा, माझे मूळ गाव किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना, आमचे माळवदाचे घर भूकंपात कोसळले. मी तेरा वर्षांचा होतो. आजी आणि धाकटी बहीण त्यात गेल्या. पुढे शिक्षणासाठी सोलापुरात आलो, तरी कित्येक वर्षे खोलीत दाराजवळच अंथरूण टाकत असे आणि उशाशी बॅटरी ठेवत असे.

मला ज्याचा खरा उपयोग झाला ते सांगतो. पत्र्याच्या शेडमधून नव्या घरात जाण्यापूर्वी, बांधकाम चालू असताना वडील मला रोज तिथे नेत. जुने घर का पडले, म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती वरच्या मातीचे ओझे घेऊन कशा फाकल्या, आणि नव्या घरात दारे-खिडक्यांच्या वर सळईचा अखंड पट्टा कशासाठी घातला आहे, हे त्यांनी मला गवंड्याकडून समजावून घ्यायला लावले. कोपऱ्यांवरच्या सळया मी स्वतः मोजल्या होत्या. भीती त्या दिवशी गेली नाही, परंतु तिला कारण मिळाले, आणि कारण कळलेल्या भीतीबरोबर राहता येते, असा माझा अनुभव आहे. तुम्ही आता जिथे काम करता तिथे बाहेर पडायच्या वाटा किती आहेत आणि पाळी चालू असताना त्यांना कुलूप असते का, हे स्वतः पाहा. सूत वाटेत रचले असेल तर मालकांशी बोला. तुम्ही बोललात तर इतर कामगारही बोलतील.

समुपदेशक

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. प्राणावर बेतलेल्या प्रसंगानंतर दचकणे, वाईट स्वप्ने, प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक असते आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप ओसरते. महिन्याहून अधिक काळ टिकून ते रोजच्या जगण्यात आड येऊ लागले, तर आघातोत्तर ताण विकाराची तपासणी करून घ्यावी. आपल्या बाबतीत आठ महिने झाले आहेत, म्हणून मी आग्रहाने सांगते की हे केवळ मन घट्ट करून निभावण्याचे काम समजू नका. आघातकेंद्री बोधात्मक-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर, या दोन्ही पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या आहेत. झोपेसाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. दारूने लागलेली झोपही टिकत नाही.

टाळाटाळीविषयी थोडे अधिक. जो रस्ता, जो वास, जे माणूस आपण टाळतो, त्याची भीती टाळल्यामुळेच कायम राहते, कारण ते आता निरुपद्रवी आहे हे मनाला अनुभवायलाच मिळत नाही. तरी एकदम उडी घेऊ नये. प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीने टप्प्याटप्प्याने जवळ जावे. शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात दाखवा. तोपर्यंत १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. पहाटे तीनलाही तो लावता येतो.

एका वाचलेल्याची पत्नी

भाऊ, माझे पती महामार्गावरच्या अपघातातून वाचले आहेत. मीही त्यांना 'विसरून जा' असेच म्हणत असे, आणि ते अधिकच गप्प होत गेले. पुढे मी रात्री त्यांच्याबरोबर नुसती उठून बसू लागले, काहीही न विचारता. दोन महिन्यांनी ते आपणहून बोलले. वहिनींना हे वाचायला द्या.

मागावरचा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हे सारे पत्नीला वाचून दाखवले. सोमवारी आम्ही दोघे रुग्णालयात जाणार आहोत. नव्या कारखान्याचे मागचे दार काल पाहिले; ते बाहेरून कडी लावून बंद होते, आणि उद्या पाळी सुरू होण्यापूर्वी मालकांना भेटून ती काढायला सांगणार आहे. त्या माउलींच्या घरी अद्याप जाता येईल असे वाटत नाही, परंतु रविवारी पत्नीला सोबत घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाईन.