मदत हवी आहे: उंदीर मेल्यावर प्लेगचा धोका वाढतो, तो कसा?

नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. प्लेगची साथ येण्याआधी घराघरांत उंदीर पडू लागत, असं वर्गात सांगितलं. तर एक मुलगी म्हणाली, "बाई, उंदीर मेले म्हणजे रोगाचं मूळच गेलं ना? मग माणसं घर सोडून का जायची?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला फार लागलं.

येर्सिन या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला, रोग पिसवांमुळे पसरतो, इतपत माहीत आहे. आणखी एक अडचण: एका पुस्तकात रोग्यापासून रोग लागत नाही असं आहे, दुसऱ्यात खोकल्यातून लागतो असं. खरं काय? कृपया सांगा.

प्रतिसाद १
मुलीने फार मोलाचा प्रश्न विचारलाय. पिसू जिवंत उंदराच्या गरम रक्तावर जगते. उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा ते सोडतात आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणसाला चावतात. त्यात बाधित पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. रक्त खाली उतरत नाही, भूक भागत नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत ओकते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत आजारी आणि निरोगी उंदीर जाळीआड ठेवले. एकमेकांना शिवणं शक्य नव्हतं, पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदरालाही प्लेग झाला.

प्रतिसाद २
बाई, दोन्ही पुस्तकं खरी आहेत, प्लेगचे प्रकार वेगळे आहेत: एक गाठीचा, एक फुप्फुसाचा. पिसू पायाला चावली तर गाठ बहुधा जांघेत येते, हाताला चावली तर काखेत. १ ते ७ दिवसांत थंडी वाजून ताप भरतो, गाठ इतकी ठणकते की हात लावू देत नाही. पण जंतू आत असतात, म्हणून नुसतं शेजारी बसल्याने सहसा रोग लागत नाही. गाठीतल्या पुवाला मात्र उघड्या हाताने शिवू नये. उपचार झाले नाहीत तर जंतू रक्तातून फुप्फुसात पोचू शकतात. मग खोकल्याच्या थेंबांतून माणसाकडून माणसाला लागण होते. त्याला उंदीरही लागत नाही आणि पिसूही लागत नाही.

उपचारांविना गाठीच्या प्लेगने ३० ते ६० टक्के रोगी दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगने जवळजवळ सगळेच. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन अशा प्रतिजैविकांनी रोगी बरे होतात, पण फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणं दिसल्यापासून २४ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. हे मुलांना जरूर सांगा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. म्हणजे साथीत उंदीर मारायला धावणं चुकीचं?

प्रतिसाद १
आधी कीटकनाशकाने पिसवा मारायच्या, मग उंदीर. उलट केलं तर भुकेल्या पिसवा मोकळ्या सुटतात.