मदत हवी आहे: वडील शुगरच्या गोळीबरोबर बेडकीचा पाला खातात, शुगर ५८ वर आली

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मी साताऱ्यात असतो, आई-आण्णा गावी, पाटणच्या वरच्या अंगाला. आण्णांचं वय ६८, अकरा वर्षं शुगर आहे, सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे. दिवाळीनंतर कुणीतरी त्यांना बेडकीचा पाला सांगितला, म्हणजे गुडमार, वेल बांधावरच आहे, तेव्हापासून रोज उठल्या उठल्या चार-पाच पानं चावतात आणि मधे शेतात पण तोंडात टाकतात.

परवा अकराच्या सुमाराला शेतातनं आले ते घामानं डबडबलेले, हात थरथरतायत. आईनं घाबरून साखर तोंडात घातली तर म्हणाले, "वाळू कशाला चारतीस?" आणि थुंकून टाकली. येतानाच पाला खाल्लेला ना, गोड लागणारच कसं! शेजारच्या पोरानं मशीनवर बघितली तर ५८. मग त्यानंच बळं बळं गुळाचं पाणी पाजलं, तेव्हा पंधरा मिनिटांनी ८१ झाली. आई एकटी असती तर काय झालं असतं हाच विचार डोक्यातनं जात नाहीये.

मी वाचलं त्याप्रमाणं पाल्यातलं जिम्नेमिक ॲसिड जिभेवर गोड ओळखणाऱ्या जागा अडवतं, अर्धा-एक तास गोड कळतच नाही (मी स्वतः पान चावून वर कंदी पेढा खाल्ला, नुसता चिकट खवा लागला). आतड्यातनं साखर कमी शोषली जाते आणि इन्शुलिन वाढतं असंही म्हणतात, आणि ग्लिमेपिराइडचं तर कामच स्वादुपिंडाकडनं इन्शुलिन सोडवून घ्यायचं. मद्रासकडचा १९९० चा एक छोटा अभ्यास आहे, २२ पेशंटना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाच्या वर दिला, त्यात शुगर उतरली आणि गोळ्या कमी कराव्या लागल्या, पाच जणांच्या तर बंदच झाल्या. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून दिलेला अर्क. आमच्याकडं गोळी तेवढीच आणि पाला मूठभर.

मी पाल्याच्या विरोधात नाही, आण्णांची तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (HbA1c) ८.९ टक्क्यांवरनं ७.४ वर आलीये, त्यांना त्याचा केवढा आनंद आहे. पण डॉक्टरांना सांगायला तयार नाहीत, ओरडतील म्हणून. गोळी मनानं बंद करू नका एवढं मी बजावलंय आणि सोमवारपर्यंत पाला बंद ठेवायला लावलाय, बरोबर केलं का? घरात ग्लुकोजची पावडर आणून ठेवलीये, पण पाला खाल्लेला असताना ती पण बेचवच लागणार, मग माणसाला प्यायला कसं लावायचं? लिव्हर, किडनीच्या टेस्ट मागून घेऊ का? आणि कुणाच्या वडिलांनी गोळी आणि पाला दोन्ही डॉक्टरांना सांगून घेतलंय का, डोस कसा बदलला? सोमवारी अपॉइंटमेंट आहे, मी पण बरोबर जाणार आहे, त्याआधी लिहा प्लीज.