पाठ फिरवणं नव्हे

‘अतिवास्तववाद म्हणजे वास्तवाला पाठ दाखवणं’ हे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. स्वप्नं आणि सुप्त मन यांतून कला घडवू पाहणाऱ्या या चळवळीचा (सर्रिअलिझम) जाहीरनामा फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँचा, १९२४ चा. पण त्याआधी, पहिल्या महायुद्धात, तो मन बिथरलेल्या सैनिकांच्या इस्पितळात काम करत होता, त्यांची स्वप्नं टिपून घेत होता. वास्तव त्यानं फार जवळून पाहिलं होतं. पुढे जाहिरातींनी यातली नुसती चमत्कृती उचलली, हे खरं दुखणं.

याच चळवळीतल्या माक्स अर्न्स्ट या चित्रकारानं १९२५ मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून शिसं घासलं आणि उमटलेल्या रेषांतून चित्रं काढली. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी, माडीच्या सागवानी फळ्यांवर मी लेकीबरोबर हेच करून पाहिलं. एका गाठीपाशी पेन्सिल अडखळली, कागदावर गोल गोल वलयं उमटली. ती पटकन म्हणाली, “बाबा, हा आजीचा मोतीबिंदूचा डोळा!” आई जाऊन दोन वर्षं झाली होती; घरात तिचा विषय सगळेच टाळायचे. त्या रात्री जेवताना आम्ही तिच्याबद्दलच बोलत बसलो, हात वाळेपर्यंत.