सहावीतल्या मुलाला घरी शिकवायचं म्हणतोय. दाखला काढू की नको?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यात खाडीकाठी राहतो. नवऱ्याची थोडी आंब्याची कलमं, मी घरी शिवणकाम करते. लेक अकरा वर्षांचा. गावच्या मराठी शाळेत पाचवीपर्यंत छान रमला होता. यंदा सहावीला हायस्कूलला घातला, एसटीने जाऊन येऊन. तिथे एकदा सरांनी त्याची गणिताची वही भर वर्गात वाचून दाखवली. तेव्हापासून रोज सकाळी पोटात दुखतं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. रविवारी दुखत नाही, हे आमच्याही लक्षात आलंय.

अपूर्णांकांच्या चाचणीत वीसपैकी तीन गुण. आणि परवा शेजारचे काका होडी काढायची म्हणून विचारायला आले, "पाणी कधी रे भरतंय?" याने कॅलेंडर बघितलं, एकादशी. "सव्वाआठ," म्हणाला आणि परत जाळ्याच्या गाठी सोडवत बसला. (घाटावरच्यांसाठी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा.) कसं काढलंस विचारलं तर म्हणे, अकराचे चार वाटे केले, तीन घेतले. मग त्या चाचणीत काय झालं, देव जाणे.

शाळेशी वैर नाही हो. दाभोळची फेरीबोट करून दापोली तालुक्यातल्या चिखलगावची शाळाही बघून आलो. आवडली, पण रोजचं जाणं-येणं जमणारं नाही आणि एवढ्यात त्याला लांब ठेवायला माझं मन होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा, हाताने काम करत शिकायचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम त्याच्यासाठीच असल्यासारखा वाटतो, पण तो पुढे, मोठा झाल्यावर.

आतापर्यंत कळलेलं असं: एनआयओएस, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, त्यांची मुक्त मूलभूत शिक्षणाची 'क' पातळी आठवीच्या बरोबरीची. त्यांच्या दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, मराठी माध्यमही आहे. दुसरी वाट १७ नंबरचा फॉर्म भरून आपल्याच बोर्डाच्या दहावीला बाहेरून बसायची. माझा कल याच वाटेकडे आहे, कारण पुस्तकं बालभारतीचीच राहतात आणि अडलं तर गावात विचारायला कोणीतरी असतं.

आता अडतंय ते सांगते. हायस्कूलमध्ये ऐकवलं की दाखला नेलात तर परत घेणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात चौदा वर्षांपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश आहे, हे मी वाचलंय. पण प्रत्यक्षात असं मूल कोणी दोन वर्षांनी परत शाळेत घातलंय का? मुख्याध्यापकांशी काय बोललात? दाखला काढून ठेवणं बरं की पटावर नाव राहू देणं?

रत्नागिरी किंवा चिपळूणच्या बाजूला एनआयओएसचं केंद्र कोणी वापरलं असेल तर तेही सांगा. केंद्रावरच्या संपर्क वर्गांना (अधूनमधून प्रत्यक्ष शिकवतात ते) किती फेऱ्या पडतात?

आणि सोबत. दुपारी बाराला वाडीत एक पोर दिसत नाही, सगळी शाळेत. खेळायला कोण, हा प्रश्न तुम्ही कसा सोडवलात? सासरे रोज विचारतात, "याला होडीवर घालायचा ठरवलात काय?" त्यांना अजून काही उत्तर दिलेलं नाही. सहामाही परीक्षेच्या आत ठरवायचंय.