ऑनलाइन घेतलेली ब्रा परत घेत नाहीत, काय करू?

प्रश्न: तीन ब्रा मागवल्या. दोन ठीक, तिसरी साईटवरच्या मापाच्या तक्त्याप्रमाणेच घेतली, तरी पट्टा काचतो. टीशर्टवरूनच पाच मिनिटं घालून पाहिली, लेबल तसंच आहे. विक्रेता म्हणतो, "पाकीट फोडलंत, स्वच्छतेचा प्रश्न आहे." अहो, पाकीट न फोडता माप कळणार कसं? आणि हे अंतर्वस्त्राबद्दल बोलताना मलाच लाजल्यासारखं होतंय, ते वेगळंच.

उत्तर १: लाजू नका. आधी बघा, सील होतं का? तुम्ही युरोपीय संघात राहत असाल, तर तिथला २०११ चा ग्राहक हक्क निर्देश ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत कारण न देता परतीचा हक्क देतो. स्वच्छतेचा अपवाद फक्त सीलबंद असलेल्या आणि सील काढल्यावर आरोग्याच्या किंवा स्वच्छतेच्या कारणाने परत घेणं योग्य नसलेल्या मालाला. नुसतं प्लास्टिकचं पाकीट म्हणजे असं सील नव्हे. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने गादीवरची फिल्म काढली तरी ती परत करता येते असं ठरवलं, आणि गादीची तुलना चक्क कपड्यांशी केली!

उत्तर २: निकरच्या आतली स्वच्छतेसाठी लावलेली चिकट पट्टी मात्र काढू नका. माझं त्यातच फसलं.

प्रश्नकर्ती: पट्टी नव्हतीच. साधी पिशवी होती.

उत्तर १: मग लेखी कळवा, फोनवर नको. पिशवी, लेबल यांचे फोटो जोडा. आणि शिवण उसवलेली किंवा चुकीचं माप आलं असतं, तर स्वच्छतेचं कारण त्यांना मुळीच देता आलं नसतं.

प्रश्नकर्ती: आत्ताच ईमेल टाकला.