‘सायन्स घेतले की सगळे दरवाजे उघडे राहतात’ : दहावीनंतरचे हे वाक्य कितपत खरे आहे?

धागा सुरू करणारे : एक पालक, कर्वेनगर

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागला आणि चार वाजायच्या आत आमच्या घरी तीन खासगी क्लासचे फोन येऊन गेले. मुलाला ८४ टक्के गुण मिळाले आहेत. तिघांचेही म्हणणे एकच होते : अकरावी विज्ञान, सोबत जेईई आणि सीईटीची दोन वर्षांची तयारी, आणि प्रवेश अशा कनिष्ठ महाविद्यालयात, जिथे रोज हजेरी लावावी लागणार नाही. संध्याकाळी पेढे खायला आलेल्या नातेवाइकांनीही तेच सांगितले. ‘आत्ताच काही ठरवायला नको. सायन्स घेतले की सगळे दरवाजे उघडे राहतात.’

नियमांच्या दृष्टीने हे वाक्य बरोबर आहे, हे मी मान्य करतो. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला पुढे वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळता येते, पण वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्याला अभियांत्रिकीकडे किंवा वैद्यकीयकडे येता येत नाही. माझा आक्षेप त्या नियमाला नसून, त्याचा आधार घेऊन आपण मुलांची दोन वर्षे ज्या रीतीने घालवतो, तिला आहे. सकाळी सातपासून मुलगा क्लासमध्ये बसतो, प्रयोगशाळेचे तोंडही क्वचित पाहतो आणि तीन विषयांचे बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यापलीकडे त्याला सतराव्या वर्षापर्यंत काहीही बघायला मिळत नाही. मग बारावीच्या निकालादिवशी तोच प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि तेव्हाही त्याच्याजवळ उत्तर नसते.

माझ्या मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचे वाइंडिंग जळाले, तेव्हा तो दोन दिवस वाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाऊन बसला होता. तांब्याच्या तारेचे वेढे कसे मोजतात, खाचांमध्ये कागद का घालतात, हे सगळे त्याने घरी येऊन वहीत आकृतीसह लिहून ठेवले. त्याला विद्युत अभियांत्रिकीची पदविका करायची आहे. हिशेब केला तर अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार अशी सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, अशीही सहाच वर्षे होतात. शिवाय पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. असे असताना ८४ टक्के गुणांच्या मुलाने तंत्रनिकेतनात जाणे म्हणजे ‘गुण वाया घालवणे’ आहे, असे आपल्या पुण्यात का मानले जाते? पदविकेचा आणि आयटीआयचा विचार गुण कमी पडल्यावर करायचा, ही सवय चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

निवृत्त प्राध्यापिका (कनिष्ठ महाविद्यालय), सदाशिव पेठ

आपली कळकळ समजते, परंतु निष्कर्ष पटत नाही. मी ३१ वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. पंधराव्या वर्षी ‘मला यंत्रेच आवडतात’ असे सांगणाऱ्या आणि सतराव्या वर्षी जीवशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या मागे लागलेल्या मुला-मुलींची उदाहरणे माझ्याजवळ एकदोन नाहीत, बरीच आहेत. पदविका घेतली की वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग संपतो. पाषाणच्या आयसरमध्ये मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी बारावी विज्ञान लागते. खडकवासल्याच्या एनडीएसाठीही बारावी लागते, आणि नौदल व वायुदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. या वाटा आपल्या मुलाला आज नको असतील, पण उद्याही नको असतील हे आज कोणी सांगावे?

वर्गात न येणाऱ्या मुलांविषयी आपण जे लिहिले आहे, ते मात्र अक्षरशः खरे आहे. शेवटच्या काही वर्षांत माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर १२० नावे असत आणि समोर वीस-बावीस मुले बसलेली असत. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला येणाऱ्या कित्येक मुलांनी त्या दिवशी मीटर ब्रिज (विद्युत रोध मोजण्याचे साधन) पहिल्यांदा हातात घेतलेला असे, आणि त्यांची जर्नले मात्र पूर्ण असत. याचे मला शिक्षिका म्हणून फार दुःख होते. पण हा दोष विज्ञान शाखेचा नाही, प्रवेश घेऊन वर्गात न येण्याच्या पद्धतीचा आहे. आपण क्लासचा तो प्रस्ताव नाकारावा आणि जिथे तासिका व प्रात्यक्षिके खरोखर होतात असे कनिष्ठ महाविद्यालय निवडावे. विज्ञान शाखेतल्याच द्विलक्ष्यी (बायफोकल) अभ्यासक्रमात २०० गुणांचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा विद्युत देखभाल हा विषय घेता येतो. मुलाची आवडही जपली जाईल आणि दोन वर्षे विचार करायलाही मिळतील.

लघुउद्योजक, भोसरी

बाईंचा अनुभव मोठा आहे, तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, किंबहुना त्यांच्याही एक पाऊल पुढे जाऊन आयटीआयविषयी बोलू इच्छितो.

माझ्या कारखान्यात वाहन उद्योगासाठी शाफ्ट आणि बुश तयार होतात. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी एक तयार शाफ्ट आणि मायक्रोमीटर देतो आणि व्यास मोजायला सांगतो. अभियांत्रिकीची पदवी घेतलेली काही मुले रॅचेट (दाब मर्यादित ठेवणारी टोकाची कळ) न वापरता थिंबल (फिरवायची नळी) घट्ट आवळतात, त्यामुळे माप दोन-तीन शतांश मिलिमीटरने चुकते आणि ते चुकले आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. औंधच्या आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेला मुलगा आधी शाफ्ट फडक्याने पुसतो, मायक्रोमीटरची शून्य त्रुटी तपासतो, तीन ठिकाणी माप घेतो आणि मगच आकडा सांगतो. ज्या कामात ०.०१ मिलिमीटरवर माल परत येतो, तिथे या फरकाची किंमत मला रोज मोजावी लागते.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे तो मार्गही कुठे अडत नाही. मध्ये १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी केली तर विद्यावेतनही मिळते. भोसरी आणि चाकणमध्ये सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावर सेटिंग करू शकणारा माणूस शोधताना आमची दमछाक होते, आणि त्याच वेळी पदवीधर मुले नोकरी नाही म्हणून घरी बसलेली असतात.

महापालिका शाळेतील शिक्षिका, येरवडा

वरचा प्रतिसाद वाचून मला राहवले नाही, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. हाताने काम करण्याची थोरवी आम्हाला नव्याने सांगण्याची गरज नाही. माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात हमाल होते, वडील ३० वर्षे वेल्डर होते, आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर त्या कामातच गेली. घरात पहिली पदवी माझी. ती मिळाल्यानंतर भाड्याने घर शोधताना, बँकेत कर्ज मागताना, लग्नाच्या बोलण्यात, प्रत्येक ठिकाणी लोकांची आमच्याशी बोलण्याची रीत बदलली. ही गोष्ट ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना जाणवत नाही, कारण त्यांची मुले वर्कशॉपमध्ये गेली तरी घराची पत कमी होत नाही.

माझ्या वर्गातल्या ७५ टक्के मिळवणाऱ्या मुलाला ‘तुला लवकर कमाई होईल, आयटीआय कर’ असा सल्ला निकालादिवशीच मिळतो. नव्वदच्या पुढे गुण मिळवणाऱ्या सुखवस्तू घरातल्या मुलाला तो कोणी देत नाही. म्हणून आयटीआयचे गुणगान ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो, हा सल्ला नेमका कोणाच्या मुलांसाठी आहे? आणि उद्योजक महोदयांना दुसरा प्रश्न असा की आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या मुलांपैकी किती जणांना आपण कायम केले? माझे तीन विद्यार्थी एक वर्ष विद्यावेतनावर राबले, नंतर ठेकेदाराच्या नावावर दुसऱ्या कारखान्यात गेले, आणि आज सहा वर्षांनंतरही कंत्राटीच आहेत. काम येत नाही म्हणून नव्हे. तिघेही उत्तम फिटर आहेत. अकरावी विज्ञान घेऊन अडखळलेला विद्यार्थी निदान पदवीपर्यंत पोहोचतो आणि स्पर्धा परीक्षेला बसू शकतो. माझ्या मुलांसाठी मी तोच आग्रह धरणार.

लघुउद्योजक, भोसरी

आपला दुसरा प्रश्न टाळणे बरोबर होणार नाही. माझ्याकडे २२ कामगार आहेत, त्यांपैकी नऊ कायम आहेत. मोठ्या कंपनीची मागणी तीन महिन्यांच्या पुढे कळत नसल्यामुळे सर्वांना कायम करण्याची माझी ऐपत नाही. आपण लिहिले त्यात तथ्य आहे आणि ते मला बोचले.

अभियंता, चाकण (पदविकेनंतर पदवी)

मी २०१२ मध्ये दहावी झालो, यंत्र अभियांत्रिकीची पदविका केली आणि नंतर थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेतला. या मार्गाची दुसरी बाजू कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहितो.

पदविकेचे पहिले वर्ष मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फार जड जाते. आमच्या तुकडीतल्या ६० पैकी जवळजवळ निम्म्यांचा पहिल्या सत्रात एखादा तरी विषय राहिला होता, आणि त्यात दहावीला नव्वदच्या घरात गुण असलेलेही होते. पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेल्यावर दुसरा धक्का बसतो तो गणिताचा. बारावीहून आलेल्यांचे पहिल्या वर्षाचे गणित झालेले असते, आपले झालेले नसते, आणि तिसऱ्या सत्राचे गणित त्याच पायावर उभे असते. मी दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाची दोन्ही पुस्तके एकट्याने वाचून काढली तेव्हा कुठे निभावले. शिवाय थेट द्वितीय वर्षासाठी मंजूर जागांच्या १० टक्के आणि त्याखेरीज रिकाम्या राहिलेल्या जागा, एवढ्याच उपलब्ध असतात. सीओईपीसारख्या नावाजलेल्या अभियांत्रिकी संस्थेत जायचे असेल तर पदविकेत नव्वदीच्या वर राहावे लागते. ‘पदविका केली की पदवी मिळतेच’ असे समजून कोणी येऊ नये.

तरीही मी पुन्हा हाच मार्ग घेईन. वर्कशॉपमध्ये फाइलिंग करताना हाताला आलेले फोड आणि चौकोनी तुकडा काटकोनात आला की नाही हे ट्राय स्क्वेअर लावून उजेडात बघण्याची ती सवय, या दोन्हींमुळे आज आराखड्यावरची चूक मला इतरांच्या आधी दिसते. मात्र संस्था बघून घ्या. गणेशखिंड रस्त्यावरचे शासकीय तंत्रनिकेतन आणि नाव वाचून निवडलेले कोणतेही खासगी तंत्रनिकेतन यांना एकाच मापाने मोजू नका. वर्कशॉपमध्ये स्वतः जा, लेथच्या बेडवर ताजे तेल आणि चिप्स आहेत की धूळ आहे, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

एक आई, धनकवडी

सगळी चर्चा ८४ आणि ९० टक्क्यांची चालली आहे. माझी मुलगी गणितात आणि विज्ञानात राहिली. तिच्यासाठी कोणता दरवाजा उघडा आहे?

निवृत्त प्राध्यापिका, सदाशिव पेठ

ताई, दोन विषयांपर्यंत राहिलेल्या विद्यार्थ्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो, आणि पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते. त्या परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत लगेच भरा, त्याची मुदत फार थोडी असते. तिने आधी केवळ उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यास करावा. बीजगणितात पहिली तीन प्रकरणे आणि भूमितीत रचना पक्क्या केल्या तर ३५ चा टप्पा दूर नाही. मी सकाळी घरीच असते. तिला गणिताच्या तयारीसाठी पाठवणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी आनंदाने शिकवीन. शुल्काचा प्रश्नच नाही.

धागा सुरू करणारे : एक पालक, कर्वेनगर

येरवड्याच्या बाईंचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मुलालाही वाचायला दिला. माझ्या घराची पत माझ्या पदवीने आधीच राखली आहे आणि त्या भरवशावर मी हा निर्णय सहज घेऊ शकतो, हे मला पहिला मजकूर लिहिताना सुचले नव्हते. माझ्या मुलासाठी जे योग्य आहे ते त्यांच्या विद्यार्थ्यांना तसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे मी मान्य करतो. मात्र पदविका ही केवळ गुण कमी पडलेल्यांची जागा असू नये, या मतावर मी कायम आहे. चांगल्या गुणांची आणि सर्व प्रकारच्या घरांतली मुले तिथे गेली, तर कंत्राटी नेमणुकांविषयी बोलणारेही वाढतील असे मला वाटते.

आम्ही दोन्ही अर्ज भरत आहोत. पदविकेचा अर्ज आणि अकरावीचा ऑनलाइन अर्ज एकाच वेळी भरता येतो, परंतु अकरावीच्या दहा पसंतीक्रमांपैकी पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक असते, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. त्यामुळे पहिला पसंतीक्रम विचार करून लिहावा लागेल. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला एका ठिकाणी जमा केल्यावर दुसरीकडे जाण्यासाठी आधी तो प्रवेश रद्द करावा लागतो, हेही काल चौकशी केल्यावर समजले. बाईंनी सुचवलेल्या द्विलक्ष्यी इलेक्ट्रॉनिक्सची दोन महाविद्यालये यादीत घेतली आहेत. बुधवारी सकाळी मुलगा आणि मी तंत्रनिकेतनाचे विद्युत वर्कशॉप पाहायला जाणार आहोत. चाकणच्या अभियंत्यांना एकच विचारायचे आहे : विद्युत विभागात लेथच्या बेडसारखी नेमकी कोणती गोष्ट पाहावी?

अभियंता, चाकण

मोटर-जनरेटर संचाच्या जोडणीच्या तारा पाहा. त्यांची टोके वापराने काळवंडलेली आणि इन्सुलेशन टेप अनेकदा बदललेली असेल, तर तिथे मुले खरोखर प्रयोग करतात. आणि शक्य झाल्यास प्रयोगशाळा साहाय्यकांशी पाच मिनिटे बोला.