टायपिंग, शॉर्टहँड, हस्ताक्षर : तुम्ही कसं शिकलात?

दहावीचा शेवटचा पेपर झाला की पुढच्या सोमवारपासून टायपिंगचा क्लास, हे कितीतरी घरांत ठरलेलं असायचं. "थर्टी-फोर्टी करून ठेव, वाया जात नाही," एवढंच घरचे सांगायचे. शॉर्टहँड, म्हणजे खुणांनी झटपट लिहायची लघुलिपी, ही त्याच्या पुढची पायरी, आणि या सगळ्याच्या खूप आधी शाळेत कित्ता, पुस्ती, रोजच्या शुद्धलेखनाच्या दहा ओळी. मला मनापासून वाटतं की या हाताच्या विद्यांनी आपल्याकडे, विशेषतः मुलींना, पहिला पगार मिळवून दिला आणि त्याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं. भरतीच्या जाहिरातीत आजही लिपिक-टंकलेखकाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट असं लिहिलेलं असतं, पण ते 30 शब्द बोटांत येतात कसे हे कोणी सांगत नाही. तर कुठे शिकलात, कोणी शिकवलं, मशीन कुठलं होतं, आठवेल तसं लिहा. शाळेतलं, क्लासमधलं, आयटीआयमधलं, सगळं चालेल.

सातारकर ताई

आमच्याकडे स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर इन्स्टिट्यूट होती, एका तासाची बॅच, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत खडखडाट चालू. भिंतीकडेला टाइपरायटर, रेमिंग्टन, गोदरेज, फॅसिट आणि एक जुनं हाल्डा. नवीन मुलीला नेहमी सगळ्यात जड मशीन द्यायचे, बोटांत जोर येतो म्हणून. पहिले कितीतरी दिवस एकच ओळ, ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, पानभर. करंगळीने ए दाबायचा तर अक्षर फिकं उठायचं, बाकीची ठसठशीत, आणि बाई पान उजेडाकडे धरून लगेच ओळखायच्या की करंगळी चुकारपणा करतेय. मान खाली गेली की हातावर रुमाल टाकायच्या, आता बघ कळा. ओळ संपत आली की घंटी वाजते, ती ऐकून शब्द पुरा करायचा की तोडायचा हे ठरवायचं आणि डाव्या हाताने गाडी, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, मागे, हे सगळं न बघता.

परीक्षा पुण्याच्या परीक्षा परिषदेची. स्पीड पॅसेज, पत्र आणि स्टेटमेंट, म्हणजे कॉलमचा तक्ता. स्टेटमेंटला सगळे घाबरायचे कारण कॉलम मोजून मध्यावर आणायचे, त्याचं गणित आधी कागदावर करून घ्यायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमची मशीन टेम्पोत घालून सेंटरवर नेली जायची, कारण हात ज्या मशीनवर बसलाय त्याच्यावरच स्पीड येतो. माझ्या मशीनला मी खडूने खूण केली होती. इंग्रजी फोर्टी आणि मराठी थर्टी पास झाले, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं आणि जिल्हा परिषदेत लागले. घरात माझ्या आधी कोणी बाई नोकरीला गेली नव्हती. वडिलांनी त्या सर्टिफिकेटला काच लावून घेतली होती.

वैदर्भी

ताई, मराठी मशीनबद्दल पण सांगा ना लोकांना! इंग्रजीवाल्यांना वाटतं अक्षर म्हणजे एक कळ. आमच्याकडे भ, ध, थ, घ, श, ण हे सगळे अर्धे अक्षर अधिक काना असे दोन ठोके. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, म्हणजे 'किती' लिहिताना आधी वेलांटी मग क. उकार, अनुस्वाराच्या कळीला गाडी पुढे सरकायचीच नाही. म्हणून मराठी थर्टी ही इंग्रजी फोर्टीपेक्षा सोपी असं कोणी म्हणालं की मी वाद घालते, अजूनही घालते.

निवृत्त स्टेनो, मुंबई

मी शॉर्टहँडबद्दल लिहितो. अकरावी कॉमर्सला होतो तेव्हा संध्याकाळच्या क्लासला जायला लागलो. पद्धत पिटमनची, आयझॅक पिटमनने 1837 साली काढलेली. त्यात स्पेलिंगला किंमत नाही, कानाला जे ऐकू येतं ते लिहायचं. प आणि ब ची रेघ एकच, मागे झुकलेली, प बारीक आणि ब ठळक. ट-ड उभी, क-ग आडवी, तिथेही तेच, हलका हात आणि दाबलेला हात. आणि तीच रेघ ओळीच्या वर, ओळीवर की ओळ छेदून लिहिली यावरून पहिला स्वर कळतो, त्यामुळे स्वर बहुतेक वेळा लिहावेच लागत नाहीत. हे ज्याला जमलं त्याच्या वहीत पान भरल्यावर एवढी सुंदर नक्षी दिसते की बघत राहावं. त्यासाठी पेन्सिल हवी किंवा मऊ निबचं शाईपेन, बॉलपेनने ठळक-बारीक होतच नाही. आमचे सर पेन्सिलला दोन्हीकडून टोक करून ठेवायला लावायचे, डिक्टेशन चालू असताना टोक मोडलं तर उलटी करायची आणि पुढे.

सर घड्याळ समोर ठेवून पेपरातले अग्रलेख वाचायचे. मिनिटाला साठ शब्द, मग ऐंशी, मग शंभर. ऐंशीला मी बरेच महिने अडकून होतो, हात पुढे जातच नव्हता. सर म्हणाले लिहिणं थांबव, आठवडाभर फक्त जुन्या आउटलाइन, म्हणजे शब्दांच्या खुणा, वाच. त्याचा एवढा फायदा झाला, कारण मंदावत होता तो हात नव्हे तर डोकं, प्रत्येक शब्दाला आउटलाइन नव्याने बनवत होतो. नेहमीचे शब्द आणि 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' सारखे तुकडे एका झटक्यात आले पाहिजेत, विचार न करता. घरी रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या रेडिओवर लागायच्या तेव्हा वही घेऊन बसायचो, निवेदक तुमच्यासाठी थांबत नाही हा मोठा गुण.

पुढे कोर्टात लागलो. साक्षीदार मराठीत बोलतो, साहेब इंग्रजीत डिक्टेट करतात, मध्येच वकील हरकत घेतात, आणि तुम्ही पान उलटताना डाव्या हाताने कोपरा आधीच मोकळा करून ठेवलेला असतो. सरकारी नोकरीत लघुटंकलेखकाला मिनिटाला 80 शब्द, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100, उच्चश्रेणीला 120 असा स्पीड लागतो. नवीन मुलांना एकच सांगतो, स्पीडच्या मागे लागू नका, लिहिलेलं त्याच दिवशी वाचून काढा. न वाचलेलं शॉर्टहँड दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही परकं होतं.

झेडपीचा मास्तर

इथे सगळे टायपिंगवर चाललेत म्हणून हस्ताक्षरावर लिहितो. मी कोकणात प्राथमिकला शिकवतो. मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी वही अजून वापरतो. माझ्या आजोबांना शाळेत बोरू होता, बोरूचं टोक चाकूने तिरकं कापायचं आणि मधोमध बारीक चीर द्यायची, तरच शाई उतरते. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवायच्या. कॅम्लिनचा धंदा 1931 साली शाईची पूड आणि वड्यांपासूनच सुरू झाला होता, हे मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मी दरवर्षी चौथीच्या मुलांना एकदा तरी बोरूने लिहायला लावतो. तिरक्या टोकाने 'क' ची उभी रेघ आणि गोलाई काढली की जाड-बारीक आपोआप येतं, तेव्हा पोरांना कळतं की छापील अक्षर तसं का दिसतं. अक्षर खराब आहे म्हणून कुठल्याही मुलाला वर्गात उभं करू नये हे माझं ठाम मत आहे. बहुतेक वेळा पेन्सिल धरण्यात किंवा बाकाच्या उंचीत गडबड असते, पाय लोंबकळत असतील तर अक्षर स्थिर कुठून येणार?

डावखुरी

सर, तुमच्यासारखे शिक्षक मला हवे होते. माझ्या शाळेत पाचवीपासून शाईपेन सक्तीचं होतं आणि डाव्या हाताने लिहिताना ओली शाई हाताखाली यायची, पानभर निळा पट्टा आणि करंगळीकडची बाजू कायम निळी. त्यावरून मार पण खाल्लाय. मला टायपिंगनेच सोडवलं. मशीनवर दोन्ही हातांना सारखं काम, उलट ए, ई, एस, टी ही नेहमीची अक्षरं डावीकडेच, माझा स्पीड बॅचमध्ये सगळ्यात आधी वाढला.

फोंड्याचो भाचो

गोव्यातली वेगळी गोष्ट. माझे मामा पोर्तुगीज काळात टायपिंग शिकले, त्यांच्या मशीनवर पहिली ओळ एच सी ई एस ए आर अशी होती. पोर्तुगालने 1937 साली हा कीबोर्ड ठरवून दिला होता. 1961 ला गोवा मुक्त झाला, कचेऱ्यांत इंग्रजी आली आणि त्यांना क्वर्टीवर, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डवर, पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. ते सांगायचे नवीन शिकणं कठीण नव्हतं, जुनं बोटांतून काढणं कठीण होतं. शेवटपर्यंत घरी जुन्याच मशीनवर पत्रं लिहायचे.

मोडीप्रेमी

पुराभिलेखवाल्यांचा मोडीचा वर्ग केला. आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्याखाली लटकवत जायची, हात न उचलता. वेलांटी एकच, उकार एकच. जुने कारकून एवढ्या झपाट्याने कसे लिहायचे ते स्वतः गिरवल्याशिवाय समजत नाही. जरूर करा.

स्पर्श

मी जन्मापासून अंध आहे. आठवीत शाळेत टाइपरायटर शिकवला, कारण ब्रेल सगळ्यांना वाचता येत नाही आणि कॉलेजात, ऑफिसात आपलं लिहिलेलं डोळस माणसाला वाचता आलं पाहिजे. कळांकडे बघायची सवय सोडवण्यात इतरांचे महिने जातात, आम्हाला तो प्रश्नच नव्हता, पहिल्या दिवसापासून बोटांवरच भरवसा. अडचण एकच, रिबन सुकली तर आपल्याला कळत नाही, पानभर टाइप होतं आणि कागद कोरा. म्हणून सुरुवातीच्या दोन ओळी शेजारच्याला दाखवून घ्यायचो. कागद नीट बसलाय का ते कडेला बोट फिरवून बघायचं. आज स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो, बँकेत आहे, आणि वेग त्या आठवीतल्या शिकवणीचाच आहे.

एमपीएससी चालू आहे

मी आत्ता शिकतेय, जीसीसी-टीबीसी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या टायपिंगचा सरकारी कोर्स. मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्यावर हेच आहे. लिपिक-टंकलेखक भरतीत कौशल्य चाचणी असते म्हणून सगळी बॅच तयारी करतेय. मोबाईलवर दोन अंगठ्यांनी मी भराभर मराठी लिहिते, पण इथे दहा बोटं लावायची म्हटल्यावर पहिले दिवस रडू यायचं. बॅकस्पेसवर बोट सारखं जातं. ताई, करंगळीचा जोर आम्हाला लागत नाही पण उजव्या करंगळीला एवढी कामं आहेत की ती संध्याकाळी दुखते. इथल्या कोणी रेमिंग्टन मराठीवरून, म्हणजे जुन्या मशीनच्या कळरचनेवरून, इनस्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या कळरचनेवर गेलंय का? मनगट टेबलवर टेकवायचं की उचलून धरायचं, यावर आमच्या क्लासमध्ये दोन मतं आहेत.

सातारकर ताई

उचलून धर बाळ, मनगट टेकलं की बोटं वरच्या ओळीला पोचत नाहीत आणि हात लवकर दुखतो. खुर्ची थोडी उंच घे, कोपर अंगाजवळ. आणि बॅकस्पेसला पंधरा दिवस हातच लावू नकोस, चुकलं तर चुकू दे, पॅसेज पुरा कर, मग चुका मोजून फक्त तेच शब्द पानभर मार. इनस्क्रिप्टचं मला माहीत नाही, ते वैदर्भी सांगेल.

वैदर्भी

गेले मी, ऑफिसात युनिकोड आलं तेव्हा. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, वेलांटी अक्षराच्या नंतर, उच्चाराप्रमाणे. पण परीक्षा होईपर्यंत दोन्ही एकदम करू नकोस, आधी एक पक्कं कर.